जुन्या मोटारीचा काटा अडला, तर दोष कुठे शोधावा?

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निरोप घेतला. अशी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. शहरातील टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती व्यवसायातून बाद झाली. टॅक्सी गेली, तरी खासगी पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० गाड्या अद्याप संपलेल्या नाहीत. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवलीच्या एखाद्या जुन्या सोसायटीत ताडपत्रीखाली झाकलेली अशी गाडी अजूनही दिसते. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, विकवत नाही म्हणून ठेवलेली आणि रविवारी सकाळी एक फेरी मारून आणण्यापुरती चालू असलेली.

या गाड्यांचे इंजिन साधे आहे आणि ते दुरुस्त करणारे हात अजून सापडतात. अडचण येते ती चालकासमोरच्या फळीवर. पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी उठत नाही, तापमानाचा काटा कधी झोपतो तर कधी एकदम शेवटच्या रेषेला टेकतो, तेलाचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. ‘मीटर गेलं’ असे म्हणून बहुतेक जण एक तर मीटर बदलतात किंवा त्याकडे पाहणेच सोडून देतात. पहिल्या उपायात चांगले, मूळचे उपकरण हकनाक भंगारात जाते. दुसऱ्या उपायात कधीतरी इंजिनच जाते. वास्तविक मीटर स्वतः बिघडल्याची उदाहरणे त्या मानाने कमी असतात. दोष बहुधा त्याच्यापर्यंत निरोप पोहोचवणाऱ्या तारेत, जोडणीत किंवा निरोप पाठवणाऱ्या सुट्या भागात असतो. तो ओळखण्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. तपासणीचा क्रम तेवढा पाळावा लागतो.

कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’चा कारखाना कुर्ल्यात होता. आरंभी तेथे अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले आणि १९६४ पासून ‘फियाट ११००’च्या ‘डिलाइट’ या आवृत्तीचे युग सुरू झाले. फियाटचे नाव गेल्यावर हीच गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, ही तिची ओळख दोन पिढ्यांच्या लक्षात आहे. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

या इतिहासाला आता एक व्यावहारिक बाजू आली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला त्यानुसार वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पद्मिनी नावाच्या पहिल्यावहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. नियमाचा रोख सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत यावर आहे. परंतु गाडीचे मूळपण पाहणारा माणूस दार उघडताच प्रथम पाहतो ती समोरची फळी. तेथे मूळ मीटरच्या जागी खाली स्क्रूने ठोकलेली बाजारी मीटरे दिसली की गाडीची किंमत आणि मालकाची हौस, दोन्हींना धक्का बसतो. म्हणूनच मूळ मीटर वाचवणे मोलाचे.

निरोपाची साखळी

सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची पातळी खाली पंपाच्या खोलीत दाखवणारी यंत्रणा अनेकांनी पाहिली असेल. टाकीत तरंगणारा भाग, खाली येणारी तार आणि भिंतीवरचा दर्शक. दर्शक बंद पडला तर दोष या तिघांपैकी कुठेही असू शकतो. मोटारीतही तसेच आहे. पेट्रोलच्या टाकीत किंवा इंजिनावर बसवलेला जो भाग पातळी, तापमान वा दाब मोजून त्याचे विजेत रूपांतर करतो त्याला ‘सेंडिंग युनिट’ म्हणतात. गॅरेजच्या भाषेत नुसतेच ‘युनिट’. फळीवरचा काटा केवळ त्या युनिटकडून आलेला निरोप वाचून दाखवतो.

विजेचा मार्ग असा: बॅटरी, इग्निशनचा स्विच, फ्यूज, मीटर, मीटरपासून युनिटपर्यंतची तार, युनिट आणि तेथून गाडीच्या सांगाड्यातून पुन्हा बॅटरी. युनिट म्हणजे बदलता रोध. टाकीतील पातळी किंवा इंजिनातील उष्णता बदलली की रोध बदलतो, त्याबरोबर प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. या मार्गातील शेवटचा टप्पा, म्हणजे सांगाड्यातून परतीचा रस्ता, डोळ्यांना दिसत नाही. बोलीभाषेत त्याला ‘अर्थिंग’ म्हणतात. जुन्या गाड्यांतील निम्मी डोकेदुखी येथेच असते. टाकी आणि सांगाडा यांच्यामध्ये गंज चढला, नव्याने मारलेल्या रंगाचा थर बसला किंवा रबराचा वॉशर आला की परतीचा मार्ग अडतो आणि काटा चुकीचे दाखवू लागतो.

आपल्या हवेमुळे ही अडचण अधिक बळावते. चार महिन्यांचा पाऊस, वर्षभराचा दमटपणा आणि खारा वारा यांमुळे पितळी टोकांवर हिरवट पुटे चढतात, लोखंडी टोके गंजतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुर्ला, कालिना परिसरात त्या वेळी असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा पाण्यातून गेलेली गाडी नंतर सुरू होते, पण तारांच्या टोकांत शिरलेला ओलावा आपले काम वर्षानुवर्षे करत राहतो. जुनी गाडी विकत घेताना ती कधी पाण्यात होती का, हे विचारावे ते यासाठीच.

काटे दोन स्वभावांचे

तपासणीपूर्वी आपले मीटर कोणत्या जातीचे आहे हे ओळखावे. इग्निशन सुरू करताच काटा चटकन जागेवर येत असेल, तर ते बहुधा दोन वेटोळ्यांचे चुंबकीय मीटर. त्यातील एका वेटोळ्यातून साधारण स्थिर प्रवाह जातो, दुसऱ्यावर युनिटचा ताबा असतो. दोघांच्या ओढाताणीत काटा जेथे थांबेल ते उत्तर. बॅटरीचा दाब थोडा वरखाली झाला तरी दोन्ही बाजू सारख्याच बदलत असल्याने उत्तर फारसे बिघडत नाही.

काटा सावकाश, पाच-दहा सेकंद घेत वर चढत असेल तर ते द्विधातूच्या पट्टीचे मीटर. पट्टीभोवतीची बारीक तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. या जातीचे मीटर बॅटरीच्या दाबाला संवेदनशील असल्याने त्याच्या आधी ‘व्होल्टेज स्टॅबिलायझर’ नावाची छोटी डबी बसवलेली असते. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत ती सरासरी दहा व्होल्टचा पुरवठा करते. हा पुरवठा ती सलग न देता चालू-बंद करत देते, त्यामुळे तेथे टेस्ट लॅम्प लावल्यास तो लुकलुकतो. तो लुकलुकणे हा दोष समजू नये.

तिसरी जात विजेशिवाय चालणारी. तेलाच्या दाबाच्या काही मीटरांत तांब्याची बारीक नळी थेट इंजिनापासून फळीपर्यंत येते आणि तेल त्या नळीतून मीटरमधल्या वक्र पोकळ नळीत शिरते. दाब वाढला की वक्र नळी उलगडू पाहते आणि काटा फिरतो. १८४९ मध्ये फ्रेंच अभियंता युजीन बूर्दाँ याने शोधलेली ही युक्ती आजही वापरात आहे. काही जुन्या गाड्यांत तापमानाचे मीटरही असेच बंद नळीचे असते. ही नळी कापली, पिळली किंवा मीटरपासून तोडली की मीटर संपले. तिला डाख देऊन जोडून भागत नाही, कारण तिच्यातील द्रव निघून गेलेला असतो. अशी नळी दिसली तर पुढील विजेच्या चाचण्या तिला लावू नयेत.

तपासणीचा क्रम

साहित्य थोडके लागते: स्वस्तातला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, दोन-तीन हात लांबीची तार, बारीक पॉलिश पेपर आणि शंभर ओहमच्या आसपासचा दोन वॅटचा रोध.

पहिला प्रश्न असा विचारावा: एकच काटा बिघडला आहे की सगळे? सगळे विजेचे काटे एकदम बंद असतील तर सगळी युनिटे एकाच दिवशी मेली असण्याची शक्यता जवळजवळ नसते. दोष सामायिक पुरवठ्यात, म्हणजे फ्यूज, इग्निशन स्विच किंवा स्टॅबिलायझर यांत शोधावा. त्या काळच्या युरोपीय घराण्यातील गाड्यांत टोकदार तोंडाचे, चिनी मातीचे फ्यूज स्प्रिंगच्या चिमट्यात बसवलेले असतात. फ्यूज शाबूत दिसतो, पण चिमटा सैल पडलेला आणि काळवंडलेला असतो. फ्यूज बोटाने जागच्या जागी गोल फिरवताच काटे जिवंत झाले, तर दोष सापडला. चिमटे साफ करून थोडे आत दाबावेत आणि त्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा जुना गॅरेजी उपाय गाडीला आग लावू शकतो.

सगळेच काटे प्रमाणाबाहेर वर दाखवत असतील आणि मीटर द्विधातूच्या जातीचे असेल, तर संशय स्टॅबिलायझरवर घ्यावा. त्याचे अर्थिंग तुटले की तो पुरवठा तोडायचे विसरतो आणि मीटरांना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. टाकी असते त्याहून भरलेली आणि इंजिन असते त्याहून गरम दिसते. बहुतेक वेळा त्याची पाठ जेथे स्क्रूने टेकते ती जागा घासून स्वच्छ केल्याने काम होते.

एकच काटा बिघडला असेल तर पुढचा क्रम असा. इग्निशन बंद करून त्या युनिटवरील तार काढावी आणि ती कशालाही टेकणार नाही अशी धरून ठेवावी. मग इग्निशन सुरू करून काटा कोठे जातो ते पाहावे. पुन्हा इग्निशन बंद करावे, तीच तार सांगाड्याच्या घासलेल्या, स्वच्छ भागाला जोडावी आणि एक-दोन सेकंदांपुरतेच इग्निशन सुरू करून काटा पाहावा. दोन्ही वेळा काटा दोन विरुद्ध टोकांकडे गेला, तर मीटर आणि तार ठीक आहेत. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. दोन्ही वेळा काटा हललाच नाही, तर मीटरच्या मागील बाजूला हीच चाचणी करावी. तेथे हलला तर मधली तार तुटलेली आहे. तेथेही हलला नाही आणि मीटरला पुरवठा मिळत असल्याचे टेस्ट लॅम्पने दिसले, तरच मीटरला दोष द्यावा.

तार सांगाड्याला जास्त वेळ टेकवून ठेवू नये. नाजूक मीटरमधील तार त्याने जळू शकते. त्यापेक्षा सुरक्षित उपाय म्हणजे तार आणि सांगाडा यांच्यामध्ये तो शंभर ओहमचा रोध लावणे. अनेक मीटरांत त्याने काटा मधल्या भागात कुठेतरी यायला हवा. कोणत्या टोकाला ‘रिकामे’ आणि कोणत्या टोकाला ‘भरलेले’, हे मात्र गाडीगणिक बदलते. म्हणून काटा कोणत्या बाजूला गेला यापेक्षा दोन चाचण्यांत तो दोन बाजूंना गेला की नाही, हे महत्त्वाचे.

युनिटच दोषी आहे असे वाटले, तरी ते लगेच बदलू नये. युनिटच्या धातूच्या अंगापासून सांगाड्याच्या स्वच्छ भागापर्यंत एक सुटी तार लावून पाहावी. काटा तत्काळ ठिकाणावर आला, तर युनिट निर्दोष असून अर्थिंग गेलेले आहे. काही रुपयांच्या तारेत हा प्रश्न सुटतो.

पेट्रोलच्या टाकीतील तरंगता

टाकीतील युनिटची रचना सोपी आहे. तरंगणारी पोकळ डबी, म्हणजे फ्लोट, तिला जोडलेली दांडी आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला रोधाच्या तारेवर घासत फिरणारी पट्टी. जेथे घर्षण तेथे झीज. टाकी नेहमी पाव भागावर ठेवून शे-दोनशेचे पेट्रोल टाकण्याची सवय असलेल्या गाडीत ही पट्टी वर्षानुवर्षे तेवढ्याच भागात घासत राहते. मग टाकी अर्धी असताना काटा बरोबर आणि खाली आल्यावर मात्र नाचू लागतो किंवा अचानक शून्यावर पडतो. काटा ठरावीक पातळीवरच बिघडत असेल तर झिजलेल्या जागेचा संशय घ्यावा. पातळी कोणतीही असो, खड्ड्यात गाडी आपटली की काटा उडत असेल तर सैल जोडणीचा.

युनिट बाहेर काढण्याचे काम मात्र खेळ नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. त्यामुळे सोसायटीच्या तळघरातील वा बंदिस्त पोडियमखालच्या पार्किंगमध्ये हे काम कदापि करू नये. मोकळी जागा हवी, बॅटरीची तार काढलेली हवी, टाकी शक्य तितकी रिकामी हवी आणि जवळपास विडी-सिगारेट, मोबाइल चार्जर, ड्रिल यांपैकी काही नको. ज्यांना सवय नाही त्यांनी हा एवढा भाग जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावा.

बाहेर काढलेले युनिट पुसून, वाफ उडून गेल्यावर मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावी. आकडा सलग चढला वा उतरला पाहिजे. मध्येच तो गायब झाला तर तेथे तार तुटलेली किंवा काळवंडलेली आहे. केवळ काळवंडली असेल तर विद्युत जोडण्या साफ करण्याच्या फवाऱ्याने आणि मऊ कापडाने ती उजळते. पॉलिश पेपर येथे वापरू नये. केसासारखी बारीक तार त्याने तुटते.

फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरले आहे. जड झालेला फ्लोट बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. आवाज नसेल तर तो कोमट पाण्यात बुडवावा, भोक असेल तेथून बुडबुडे येतील. पितळी फ्लोटला डाख देता येतो, पण आत पेट्रोलचा थेंब किंवा वाफ असताना त्याला उष्णता लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. नवा फ्लोट बसवणे शहाणपणाचे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण जमेस धरावे लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची देशात सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये मिश्रणाने वीस टक्क्यांचे लक्ष्य गाठले. इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत, विशेषतः पावसाळ्यात, त्यामुळे तळाशी पाणी साचून गंज वाढू शकतो. त्या काळच्या रबरी वॉशरांनाही हे मिश्रण मानवत नाही. पद्मिनीहून जुन्या, स्वातंत्र्यपूर्व काळातील काही गाड्यांत बुचाच्या झाडाच्या सालीचे फ्लोट लाखेचा थर देऊन वापरले जात. लाख मद्यार्कात विरघळते, हे फर्निचरला पॉलिश करणारा सुतारही सांगेल. अशा गाडीचा काटा अलीकडेच बिघडला असेल, तर कारण शोधायला फार लांब जायला नको.

तापमानाचा काटा: येथे चूक महाग

पेट्रोलच्या काट्याने दगा दिला तर फार तर कॅन घेऊन पंपापर्यंत चालत जावे लागते. तापमानाच्या काट्याचा दगा वेगळा. मे महिन्यात पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर तासभर रखडलेल्या गाडीचे पाणी उकळू लागले आणि काटा मात्र निवांत पडून राहिला, तर हेड गॅस्केट उडते, हेड वाकते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

विजेच्या तापमान युनिटमध्ये असा पदार्थ असतो ज्याचा रोध गरम झाल्यावर कमी होतो. ते तपासण्याची रीत स्वयंपाकघरातील आहे. युनिट काढून, त्याच्या दोन बाजूंना मल्टिमीटर लावून, त्याचे टोक पाण्याच्या जुन्या भांड्यात बुडवावे आणि पाणी तापवावे. पाण्याबरोबर आकडा सलग उतरत गेला तर युनिट जिवंत आहे. थंड असताना शेकड्यांत असलेला आकडा उकळत्या पाण्यात बराच खाली यायला हवा. तो जागचा हललाच नाही तर युनिट बदलावे.

युनिट परत बसवताना आट्यांवर नळकामाची पांढरी टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास आहे. युनिटचे अर्थिंग त्याच आट्यांतून होते, हे तेव्हा विसरले जाते. टेप जाड झाली की काटा कमी दाखवू लागतो आणि गाडी ‘थंड चालते’ म्हणून मालक खूश होतो. आटे स्वच्छ ठेवून योग्य वॉशर वापरणे बरे.

सर्वांत फसवी स्थिती आणखी एक आहे. तापमानाचे युनिट पाण्याचे तापमान मोजते. पाणीच संपले तर त्याला मोजण्यासारखे काही उरत नाही. रबरी पाइप फुटून पाणी वाहून गेले की युनिटभोवती नुसती हवा किंवा वाफ राहते आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन मात्र आत भाजत असते. म्हणून नेहमीच्या जागेवरून काटा वर गेला तर जसे थांबावे, तसेच चालत्या, गरम गाडीत तो अकारण झपाट्याने खाली आला तरीही थांबावे. अशा वेळी रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडू नये. दाबाखालचे पाणी अंगावर येते. अर्धा-पाऊण तास थांबून, जाड फडके धरूनच ते सैल करावे.

तेलाचा दिवा आणि चार्जिंगचा दिवा

तेलाच्या दाबाचा दिवा काट्यापेक्षा साधा असतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, स्विच जुळलेला असतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब आला की स्विच उघडतो, दिवा विझतो. त्यामुळे इग्निशन सुरू केल्यावर, इंजिन चालू करण्यापूर्वी हा दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर सगळे आलबेल आहे असे समजू नये; बल्ब गेलेला असेल, तार निघालेली असेल आणि उद्या दाब खरोखर गेला तरी कोणी सांगणार नाही. गाडी काढताना रोज दोन सेकंद या दिव्याकडे पाहण्याची सवय कुठल्याही उपकरणापेक्षा उपयोगी आहे.

चालत्या गाडीत दिवा लागला तर प्रथम इंजिन बंद करावे आणि मग तर्क करावा. ‘स्विच खराब असेल, घरापर्यंत जाऊ’ हा तर्क बहुतेक वेळा खरा ठरतो आणि जेव्हा खोटा ठरतो तेव्हा बेअरिंगे घेऊन जातो. तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी. पातळी ठीक असेल, तर स्विचच्या जागी हाताने लावायचे दाबमापक बसवून गॅरेजमध्ये खरा दाब मोजावा. तो पुरेसा निघाला तरच स्विच बदलून विषय संपवावा.

चार्जिंगच्या दिव्यालाही एक खुबी आहे. अल्टरनेटर बसवलेल्या अनेक गाड्यांत या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब उडाला की काही वेळा चार्जिंगच सुरू होत नाही. महागडा अल्टरनेटर खोलण्यापूर्वी बल्ब पाहावा.

युनिट विकत घेताना

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या भागांच्या बाजारात शोधणाऱ्याला अजूनही युनिटे मिळतात. पण टाकीच्या भोकात बसले म्हणजे जमले, असे नाही. मीटर आणि युनिट ही जोडी एकाच भाषेची हवी. एका प्रचलित युरोपीय प्रकारात रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात. एका अमेरिकी प्रकारात नेमके उलट, रिकामी २४० आणि भरलेली ३३. तर दुसऱ्या अमेरिकी प्रकारात रिकामी ० आणि भरलेली ९०. चुकीची जोडी बसवली तर काटा उलटा फिरतो किंवा अर्ध्यावरच अडतो, आणि मग पुन्हा मीटरला बोल लावला जातो.

यासाठी आपले युनिट अजून चालत असतानाच त्याचे रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीतील आकडे मोजून गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. बाजारात जाताना मल्टिमीटर खिशात असावा. दुकानातच दांडी फिरवून आकडे जुळतात का ते पाहता येते. काही गाड्यांच्या युनिटवर दोन तारा असतात, एक काट्याची आणि एक रिझर्व्हच्या दिव्याची. काढण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात, अन्यथा अदलाबदल होऊन चांगल्या युनिटचाच दोष वाटतो. दांडीची लांबी आणि बाक मूळच्यासारखा आहे ना, हेही ताडून पाहावे. नवे युनिट बसवल्यावर टाकीत मोजून पाच-पाच लिटर पेट्रोल टाकत काट्याची प्रत्येक जागा त्याच वहीत नोंदवली, तर पुढे काटा थोडा चुकला तरी मालक चुकत नाही.

पद्मिनीच्या टॅक्सी चालत होत्या तोवर तिचे मिस्त्री नाक्यानाक्यावर होते आणि असे दोष ते पाच मिनिटांत ओळखत. टॅक्सी गेल्यावर त्यांचाही धंदा बदलला. नवी मुले संगणक जोडून दोष वाचायला शिकली आहेत आणि या गाड्यांत संगणक जोडायला जागाच नाही. अजून जे जुने वायरमन उपनगरांतून काम करत आहेत, त्यांच्याकडे गाडी द्यावी तेव्हा मालकाने शेजारी उभे राहून ते काय तपासतात, कोणत्या क्रमाने तपासतात, हे पाहावे आणि लिहून घ्यावे. गाडीचे भाग शोधले तर मिळतील. हे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबरच जाणार आहे.